आज जमलं नाही

बाई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा आई भाकऱ्या करत होती. तिचे हात परातीतच थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, घरभर धूर झाला, तरी तिने ती उलटली नाही.

"लीला, रिबकाला उद्यापासून ग्राउंडवर पाठव," बाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "सकाळी सहाला. परवा शाळेच्या स्पर्धेत तिला पळताना बघितलं मी. पाय चांगले आहेत. वाया घालवू नका."

आत खाटेवर पप्पा बसले होते. बाईंचा आवाज कानावर पडला तसे ते उठले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. त्यांच्या चपला पुढच्या दाराशी होत्या, बाईंच्या पायाजवळ. ते अनवाणीच गेले.

"बाई, आत या ना," आई कशीबशी म्हणाली. "तुम्ही... आमच्या घरी..."

"मला शाळेत जायचंय. सहा म्हणजे सहा."

त्या गेल्या. आई तव्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "खरंच आल्या होत्या का गं?"

हेलन रणनवरे बाई आमच्या श्रीरामपुरात मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. आम्ही एकाच चर्चच्या मंडळीतले. पप्पा लहान असताना रविवारच्या शाळेत त्यांच्याच हाताखाली होते, म्हणून त्या पप्पांना अरे-तुरे करायच्या. नवरा लवकर गेलेला. एकच मुलगा, अनुग्रह. बाईंनीच त्याला पळायला शिकवलं होतं. तो विद्यापीठापर्यंत पळाला होता आणि नुकताच नोकरीला लागला होता. बाई आमच्या दारात आल्या त्याच वर्षी जानेवारीत, दिवेलागणीच्या वेळी, नेवासा रस्त्यावर त्याची मोटरसायकल एका उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉली उसाने भरलेली होती. टायर बसला म्हणून रस्त्यातच थांबवलेली. मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, दगड मांडलेले नव्हते.

ट्रॅक्टर माझे पप्पा चालवत होते. शमुवेल खरात.

अनुग्रहला माती दिली त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी बाई उपासनेत उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी शमुवेलला क्षमा केली आहे. माझ्या मनात त्याच्याविषयी आता काही नाही." आम्ही तिथे नव्हतो. शेजारच्या मार्थाकाकूंनी घरी येऊन सांगितलं. सांगतानाही त्यांना रडू आवरत नव्हतं. म्हणाल्या, पाळकसाहेब रडले, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळी मंडळी रडली. आई पदर तोंडात धरून खाली बसली. पप्पांनी मात्र भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर बाईंना सगळीकडून बोलावणी यायला लागली. राहुरी, नेवासा, संगमनेर. कुठे महिला मंडळाची सभा असो, कुठे तरुण संघाचं शिबिर असो, रणनवरे बाईंची साक्ष ठेवलेली असायचीच. पप्पांची केस कोर्टात लागली, पुढे कितीतरी वर्षं चालली, ती गोष्ट वेगळी. त्यांनी ट्रॅक्टरला पुन्हा हात लावला नाही. लोकांच्या शेतावर मजुरीला जायचे आणि खाली मान घालून घरी यायचे. चर्चला जाणं त्यांनी सोडलं. त्यांच्यामागे आमचंही सुटलं.

आणि आता त्याच बाई आमच्या दारात आल्या होत्या. मी नववीत होते. मला एवढंच कळत होतं की, आपल्या घरी देवमाणूस येऊन गेलं.

*

ग्राउंडवर आम्ही सहा-सात मुली होतो. सगळ्यांत पुढे संजीवनी, दहावीतली. पंधराशे मीटरला तिला तालुक्यात कुणी हात लावू शकत नव्हतं. बाई फक्कीने आखलेल्या रेषेबाहेर उभ्या राहायच्या, गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. सुरुवातीला डोळे मिटून छोटी प्रार्थना व्हायची आणि "आमेन" तोंडातून निघायच्या आत शिट्टी वाजायची.

"खांदे सैल! पाण्याच्या कळश्या घेऊन चाललीयेस का?"

"संजीवनी, मागे काय बघतेस? मागे काही नाहीये!"

कुणी एखाद दिवशी चांगला वेळ नोंदवला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा विषय काढला, की त्या बोलूच द्यायच्या नाहीत. "ते काल. आज काय करणार ते दाखव."

बाकीच्या मुलींना त्या हाताला धरून शिकवायच्या. कोपर धरून किती वाकवायचं ते दाखवायच्या, पाठीवर थाप मारायच्या, पोटरीत गोळा आला तर स्वतः बसून चोळून द्यायच्या. माझ्या जवळ मात्र त्या कधी आल्या नाहीत. मला लांबूनच सांगायच्या. नावानेही हाक मारत नसत. "ए खरात, टाचेवर पडू नकोस." एकदा मी वळणावर घसरून पडले, गुडघा फुटला. बाई चार पावलं पुढे आल्या आणि थांबल्या. मग संजीवनीला म्हणाल्या, "बघ गं तिला."

मला त्याचं काही वाटलं नाही. मी उशिरा आलेली, नवखी. मला वाटायचं, आपण अजून तेवढं चांगलं पळत नाही. जास्त पळू लागले.

डिसेंबरात, जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आधी, बाईंनी आमच्यात चाचणी लावली. सकाळी धुकं होतं. ग्राउंडच्या त्या टोकाची भिंत दिसत नव्हती. शिट्टी झाली, संजीवनी सुटली आणि मी तिच्या वेणीवर नजर ठेवून मागे पळत राहिले. शेवटच्या फेरीत काय झालं कोण जाणे. तिचा श्वास मला ऐकू यायला लागला, इतकी मी जवळ गेले. मग तो श्वास माझ्या बाजूला आला, मग मागे पडला. समोर कुणीच नव्हतं. नुसतं धुकं आणि फक्कीची रेष.

मी रेषेवरून गेले आणि गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले. मुली ओरडत होत्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून टाळ्या आल्या. एकट्या माणसाच्या, जोरजोरात.

"शाब्बास, रिबे! शाब्बास माझी लेक!"

पप्पा होते. कमरेला खुरपं, डोक्याला मफलर. शेतावर जाताना ते रोज तिथे थांबून मला बघायचे, हे मला माहीतच नव्हतं. अपघातानंतर त्यांचा असा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ते हसत होते. मीही हसले आणि हात वर केला.

बाई वळल्या. स्टॉपवॉच हातात तसंच. त्या भिंतीकडे चालू लागल्या, अगदी सावकाश. मला वाटलं, पप्पांशी बोलायला जातायत. जिथे भिंत पडली होती तिथून त्या पलीकडे गेल्या आणि पप्पांच्या समोर उभ्या राहिल्या.

"तू टाळ्या वाजवतोस?"

पप्पांचे हात हवेतच थांबले. "बाई, मी..."

"याच ग्राउंडवर माझा अनुग्रह पळायचा. मी तिथे उभी राहून टाळ्या वाजवायचे. आता मी कुणासाठी वाजवू? सांग ना. तू येतोस, उभा राहतोस आणि टाळ्या वाजवतोस? तू?"

आणि त्यांनी पप्पांच्या थोबाडीत मारली.

आवाज आमच्यापर्यंत आला. पप्पांचा मफलर सुटून खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही, गालाला हात लावला नाही, नुसते हात जोडून उभे राहिले. बाईंनी पुन्हा मारली. मग तिसऱ्यांदा हात उचलला आणि त्या स्वतःच्याच हाताकडे बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

संजीवनीने माझा दंड घट्ट धरला होता, तिची नखं मला रुतत होती. ज्या बाईंच्या क्षमेची साक्ष ऐकायला लोक बैलगाड्या जोडून यायचे, त्या बाई. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की मी बघते आहे ते झालेलंच नाही.

बाई परत आल्या. माझ्यासमोरून जाताना थांबल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू घरी जा," त्या म्हणाल्या. "परत येऊ नकोस इथे."

*

आईला मी सांगितलं तेव्हा तिने आधी विश्वासच ठेवला नाही. मग तिने चुलीतलं लाकूड ओढून बाहेर काढलं आणि विझवत बसली, काही कारण नसताना.

"म्हणजे सगळं तोंडदेखलं होतं," ती म्हणाली. "गावोगाव साक्षी देत फिरल्या आणि मनात हे. आता तिकडं पाऊल टाकायचं न्हाई, रिबे. ग्राउंडवर न्हाई आणि चर्चात तर न्हाईच न्हाई."

दुपारपर्यंत गावभर झालं होतं. मार्थाकाकू आल्या, पण बसल्या नाहीत. "मला तर चक्करच यायची बाकी होती," म्हणाल्या. "रणनवरे बाई? आपल्या रणनवरे बाई?" आणि निघून गेल्या.

संध्याकाळी पप्पा शेतावरून आले. हातपाय धुतले. ताटावर बसले आणि जेवू लागले. एक भाकरी, दुसरी, तिसरी मागितली. वर्षभर त्यांना अर्ध्या भाकरीवर उठताना बघितलेलं. आई वाढायचं थांबली.

"तुम्हाला काय झालंय?" ती म्हणाली. "चार लोकांत मार खाऊन आलाय आणि जेवताय?"

पप्पा हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. "आज पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या, लीले."

"बोलल्या? मारलं त्यांनी!"

"मारलं म्हंजे माझ्याकडं बघितलं ना. वर्ष झालं, त्या मला क्षमा करतायत. चर्चात करतायत, नेवाशात करतायत, संगमनेरात करतायत. माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं न्हाई. रस्त्यात दिसलो तर पलीकडनं जायच्या. मी म्हणायचो, ही कुठल्या शमुवेलला क्षमा केलीय? तो मी न्हाईच." त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. "मला त्या क्षमेखाली श्वास घेता येत नव्हता. आज घेता आला."

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. सकाळचा धक्का एकवेळ मला समजत होता. हे मला काहीच समजत नव्हतं.

"रविवारी आपण चर्चला जाऊ," पप्पा म्हणाले. "सगळे."

*

नाताळच्या आधीचा रविवार होता. तरुण संघाने छताला कागदी चांदण्या बांधल्या होत्या. आम्ही आत शिरलो आणि गाणं चालू असतानाच माना वळल्या. पप्पा शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसले. आईने पदर कपाळावर ओढला. बाई नेहमीच्या जागी, पुढून दुसऱ्या बाकावर होत्या. त्यांच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.

उपदेशाच्या आधी पाळकसाहेब नेहमीसारखं म्हणाले, "कुणाला साक्ष द्यायची असेल तर..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत बाई उठल्या. पाळकसाहेबांच्या तोंडावरचा रंग उडाला.

"बाई, आज राहू द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "आपण नंतर निवांत बोलू."

"साक्ष द्यायला उभं करत होतात तेव्हा नाही कधी म्हणालात, नंतर बोलू," बाई म्हणाल्या. "आज बसवू नका मला."

त्या वेदीकडे गेल्या नाहीत. जिथे होत्या तिथेच वळल्या, मंडळीकडे तोंड करून.

"परवा ग्राउंडवर मी शमुवेल खरातच्या थोबाडीत मारली. दोनदा. तुम्हाला सगळ्यांना कळलंच आहे. माझ्या तोंडूनही कळू द्या."

बाईंनी बाकाच्या पाठीवर हात टेकला.

"जानेवारीत मी इथेच उभी राहून म्हणाले होते, मी त्याला क्षमा केली. ते खोटं नव्हतं. त्या दिवशी तेवढं माझ्याजवळ खरंच होतं, ते मी दिलं. पण मग मी थांबले. मला वाटलं, झालं, संपलं, जिंकले. तुम्ही मला गावोगाव नेलंत, आणि मी तेच एक वाक्य घेऊन फिरत राहिले. माझ्या मुली बसल्यात इथे. त्यांना मी काय सांगते? मेडल गळ्यात पडल्यावर ग्राउंडवर यायचं बंद केलंत तर महिन्याभरात पाय जड होतात. मी वर्षभर गेले नाही." त्यांनी छातीवर हात ठेवला. "इथल्या ग्राउंडवर एक दिवस गेले नाही. आणि परवा पळायची वेळ आली तेव्हा पहिल्याच पावलाला पडले."

कुणीतरी खोकलं. बाई थांबल्या नाहीत.

"त्याच्या मुलीला मी पळायला आणलं. ते तिच्या पायांसाठी आणलं, का तुम्ही बघावं म्हणून आणलं, मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. तिला मी आजवर नावाने हाक मारलेली नाही."

मी मान खाली घातली. माझे कान तापले होते.

"शमुवेल, उभा राहा."

पप्पा उभे राहिले. आईने त्यांचा सदरा मागून धरला होता.

"मारलं त्याची मी तुझी माफी मागते. ते चुकलं. पण मी तुला क्षमा केली आहे, असं मी आज म्हणणार नाही. काल रात्रभर मनात शोधलं. नाही सापडली."

"अगं देवा," महिला मंडळाच्या बाकावरून आवाज आला. पाळकसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. जी गोष्ट चर्चमध्ये कधी कुणी बोलत नाही, मनात असली तरी बोलत नाही, ती नाताळच्या चांदण्यांखाली, पूर्ण मंडळीसमोर बोलून झाली होती. आणि ती बोलणाऱ्या होत्या रणनवरे बाई.

"रोज सकाळी सहाला ग्राउंडवर ये," त्या पप्पांना म्हणाल्या. "लपून नाही, समोर येऊन उभा राहा. मला तुझ्या तोंडाकडे बघून सलाम म्हणायचाय, आपण मंडळीत एकमेकांना म्हणतो तसा. ज्या दिवशी मनापासून म्हणता येईल त्या दिवशी म्हणेन. नाही म्हणता आला तर सांगेन, आज जमलं नाही. तू जा, दुसऱ्या दिवशी परत ये. देव मला एवढ्यावर चालवून घेईल का, मला माहीत नाही. पण परवापर्यंत जे चाललं होतं, ते तो चालवून घेणार नाही एवढं माहीत आहे."

सगळ्या माना मागे वळल्या होत्या.

"येतो, बाई," ते म्हणाले आणि खाली बसले.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही. प्रार्थना करून लोकांना घरी पाठवलं.

*

दुसऱ्या दिवशी सहाला पप्पा आणि मी बरोबरच गेलो. पप्पा भिंतीच्या अलीकडे येऊन उभे राहिले. बाई त्यांच्यासमोर गेल्या. आम्ही मुली रेषेवर पळायच्या तयारीत होतो आणि एकीचंही लक्ष शिट्टीकडे नव्हतं. बाईंनी तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच राहिलं.

"आज जमलं नाही," त्या म्हणाल्या.

"बरं," पप्पा म्हणाले आणि शेतावर गेले.

बाई परत आल्या, स्टॉपवॉच शून्यावर आणलं. मग माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. माझ्या दोन्ही खांद्यांवर त्यांचे हात पडले. मी दचकले. हात थंडगार होते.

"सैल सोड, रिबका," त्या म्हणाल्या.

असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, त्या सरळ पप्पांपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सलाम, शमुवेल." "सलाम, सलाम बाई," पप्पा दोनदा म्हणाले. आम्हाला वाटलं, झालं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा "आज जमलं नाही". मग सलग काही दिवस जमलं. जानेवारीत अनुग्रहचा दिवस आला, त्या सकाळी त्या पप्पांच्या जवळही गेल्या नाहीत, लांबूनच हात हलवून जा म्हणाल्या. पप्पा गेले आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर आले.

लोकांनी नाना परींनी बोलून घेतलं. बाईंना साक्षीसाठी बोलावणं बंद झालं. काहीजण म्हणाले, हे काय खेळ मांडलेत ग्राउंडवर. पाळकसाहेब मात्र एक दिवस सकाळी सायकलवरून आले, कुणाशी न बोलता भिंतीजवळ उभे राहिले, बाईंचं "आज जमलं नाही" ऐकलं आणि टोपी हातात घेऊन परत गेले.

संजीवनीला राहवलं नाही. एकदा तिने विचारलंच, "बाई, काल तर म्हणालात ना सलाम? मग आज का नाही?"

"काल पळालीस ना तू?" बाई म्हणाल्या. "मग आज कशाला आलीस?"

संजीवनी रेषेवर गेली. शिट्टी वाजली.

जिल्ह्याला मी दुसरी आले, विभागाला पाचवी. त्याच्या पुढे काही गेले नाही. संजीवनी राज्यापर्यंत गेली.

मार्च संपत आला होता. परीक्षा तोंडावर होती, आम्ही फक्त थोडा वेळ पळून घरी जायचो. कारखान्याचं गाळप संपलं होतं, रस्त्यावरून ट्रॉल्या जायच्या थांबल्या होत्या. त्या सकाळी बाई आल्या, "सलाम, शमुवेल" म्हणाल्या. आता ते बऱ्यापैकी सहज येत होतं. पप्पा "सलाम, बाई" म्हणाले आणि जायला वळले.

"थांब."

पप्पा थांबले.

"अनुग्रह काही बोलला होता का?"

मी चार हातांवर बुटाची लेस बांधत होते. माझे हात तसेच राहिले.

पप्पांनी कमरेचं खुरपं काढून भिंतीवर ठेवलं, नीट, पडू नये असं.

"बोलला, बाई."

बाईंचा चेहरा असा झाला, जणू कुणी मागून ढकललं. "बोलला? आणि तू मला..."

"मला कुणी विचारलंच न्हाई. पोलिसांनी विचारलं, दिवा होता का, दगड मांडले होते का. वकिलानं विचारलं, ट्रॉली रस्त्यात किती आत होती. हे कुणीच न्हाई विचारलं. आणि मी आपणहून कुठल्या तोंडानं येऊन सांगू?"

मलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

"सांग आता," बाई म्हणाल्या.

"मी पळत गेलो तवा तो शुद्धीवर होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मला ओळखलं त्यानं. म्हणला, शमुवेलकाका, मागून गाडी येतीये. दिवे दिसतायत. तिला थांबवा, ती पण आदळंल. मी म्हणलं, लेकरा, तुला सोडून कसा जाऊ. तर म्हणला..." पप्पांनी रस्त्याकडे बघितलं. "म्हणला, पळा. पळा, काका. मग मी त्याचं डोकं खाली ठेवलं आणि टॉवेल फिरवत रस्त्यानं पळालो. आयुष्यात तसा पळालो नसंन. जीप होती. अगदी जवळ येऊन थांबली. आत बाया होत्या, लेकरं होती, लग्नाला चालली होती. त्यांना थांबवून मी परत आलो तवर..."



बाई खाली बसल्या. फक्कीच्या रेषेवरच, पांढऱ्या साडीनिशी, पाय पोटाशी घेऊन, लहान मुली बसतात तशा. आम्ही सगळ्या जागच्या जागी उभ्या होतो. त्यांच्या गळ्यातून जो आवाज येत होता तो हसण्याचा का रडण्याचा, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही नक्की सांगता येणार नाही.

"पळा म्हणाला?" त्यांनी वर बघून विचारलं.

"पळा म्हणला."

"आणि जीपमधे लेकरं होती?"

"होती. एक तर झोपलेलं होतं. त्याला काहीच कळलं न्हाई."

ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मग बाईंनी हात पुढे केला. पप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या हाताकडे. तोच हात होता. त्यांनी आपला तळवा धोतराला पुसला आणि बाईंना धरून उभं केलं. त्यांची साडी मागून सगळी फक्कीने माखली होती, त्यांनी ती झटकली नाही.

"उद्या परत सांगशील?" बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून?"

"सांगंन, बाई."

दुसऱ्या दिवशी पप्पा आणि मी पोचलो तेव्हा बाई आमच्या आधी भिंतीपाशी येऊन थांबल्या होत्या.